सतरा नंबरच्या टेस्टरची पावती

आजच्या कार्यक्रमाचे अध्यक्ष, म्हणजे आमचे कंत्राटदार मालक. प्रमुख पाहुण्या म्हणून मुद्दाम वेळ काढून आलेल्या कामगार खात्याच्या तपासणी अधिकारी मॅडम. आमचे सुपरवायझर साहेब. ज्यांच्यासाठी आपण सगळे कामाचे कपडे बदलून इथं जमलो आहोत ते आपले हजेरीमास्तर, अर्थात मस्टरकाका. त्यांच्या शेजारी बसलेल्या काकू. आणि समोर बसलेल्या माझ्या गवंडी, सुतार, प्लंबर, रंगारी आणि वायरमन बंधूंनो, तसंच चहाची व्यवस्था बघणाऱ्या मावशी, सर्वांना माझा नमस्कार.

माईक खरखरतोय, मला कल्पना आहे. वायरमन मंडळींना हात जोडून विनंती, एकानंच उठा. बाकीच्यांनी बसून घ्या. मघाशी नुसती शिट्टी वाजली तर अकरा जण उठले होते.

हां. आता ठीक आहे.

माझी ओळख कुणी करून दिली नाही, कारण ओळख करून देण्यासारखं काही सापडलं नसावं. मी सतरा नंबर. मस्टरवर माझा नंबर सतरा आहे आणि या साइटवर मला त्याच नावानं हाक मारतात. शिक्षण सातवीपर्यंत, तेही सातवीच्या शेवटपर्यंत नाही. घर इथून दोन दिवस आणि एक रात्रीच्या प्रवासावर. भाषण करायची माझी ही पहिलीच वेळ. कामगारांच्या वतीनं कोण बोलणार असं विचारलं, तेव्हा सगळ्यांनी एक पाऊल मागं घेतलं. मी त्या वेळी चपलेचा पट्टा बसवत होतो, त्यामुळे पुढं उरलो.

पण लिहून आणलंय. सहा पानं आहेत. अध्यक्ष साहेब, पानं लहान आहेत, घड्याळ बघू नका. जुन्या मस्टरच्या कोऱ्या बाजूवर लिहिलंय. कागद काकांनीच दिले, आणि देताना सहा पानं दिल्याची माझी सही घेतली. त्यामुळे हे भाषण सात पानांचं होऊच शकत नाही, एवढी खात्री सर्वांनी बाळगावी.

तर काका. एखाद्या माणसाबद्दल चार चांगले शब्द बोला म्हटलं की माणूस अडचणीत येतो. काकांच्या बाबतीत अडचण अशी की या माणसानं सहा महिने मला रोज सकाळी खोटं ठरवलं. होय, काकू, तुम्ही हसताय, पण खरं आहे. मी वायरमन. पाइप टाकणं, भिंतीला झिरी म्हणजे खाच मारणं, वायर ओढणं, बोर्ड बसवणं, जिन्यातला दिवा खालून लावून वरून बंद करणं, हे सगळं मी करत होतो. या दवाखान्याच्या इमारतीचा दुसरा मजला आज उजळलाय तो माझ्या हातानं. आणि मस्टरमध्ये माझ्या नावापुढं, काकांच्या त्या मोत्यासारख्या अक्षरात, रोज काय लिहिलेलं असायचं? हेल्पर.

फक्त माझ्या नाही. आम्ही तेवीस वायरमन. तेवीसच्या तेवीस हेल्पर.

आता काकू आणि घरची मंडळी बसली आहेत, त्यांना सांगायला हवं की यात एवढं काय बिघडलं. सरकारच्या पैशातून इमारत उभी राहते, तेव्हा तिथं कोणत्या कारागिराला दिवसाला काय द्यायचं याचा दर सरकार ठरवून देतं. कंत्राटदार त्याच्याखाली जाऊ शकत नाही. वीजतंत्र्याचा, म्हणजे सरकारी भाषेत वायरमनचा, दर वेगळा, हेल्परचा वेगळा. फरक केवढा, तर वीजतंत्र्याच्या हातात बुधवारपर्यंत जे पडतं, त्यासाठी हेल्परला शनिवार उजाडावा लागतो. आणि हे दर एका फलकावर लिहून साइटच्या दर्शनी भागात लावायचे असतात.

आपल्या साइटवरही फलक होता. अध्यक्ष साहेबांनी नियम मोडला असं कुणीही म्हणू नये. फलक जनरेटरच्या खोलीच्या दाराला आतून लावला होता. दार उघडलं की फलक भिंतीकडं जायचा. दार लावलं की खोलीत अंधार व्हायचा. आणि त्या खोलीत दिवा नव्हता. तेवीस वायरमन असलेल्या साइटवर तेवढ्या एकाच खोलीत दिवा नव्हता. याला योगायोग म्हणतात.

मला स्वतःला पैशाचं तेवढं वाटत नव्हतं. म्हणजे वाटत होतं, समोर मॅडम आहेत, खोटं कशाला बोलू. पण त्याहून जास्त वाटत होतं ते पगाराच्या चिठ्ठीचं. दर महिन्याला मी चिठ्ठीचा फोटो घरी आक्काला पाठवतो. आई वाचत नाही, आक्का मोठ्यानं वाचून दाखवते. घर सोडलं तेव्हा आक्कानं दुकानात जाऊन मला एक टेस्टर घेऊन दिला होता. दुकानदाराला म्हणाली, तुमच्याकडचा सगळ्यात चांगला दाखवा. त्यानं पिवळ्या मुठीचा दिला. आक्का गल्लीभर सांगत सुटली की आमचा धाकटा वायरमन होऊन लांब गेलाय. आणि इथली पहिली चिठ्ठी घरी पोचली, त्यावर हेल्पर. नेमके दाजी शेजारी बसलेले. आमचे दाजी एका ऑफिसात टेबलावर काम करतात, त्यामुळे कागदावर जे लिहिलंय तेच खरं असं त्यांचं ठाम मत आहे. ते आक्काला म्हणाले, "तुझा भाऊ मदतनीस आहे गं. कुणाला मदत करतो, विचार तरी."

आक्कानं फोनवर मला हे सांगितलं नाही. आईनं सांगितलं. आक्का एवढंच म्हणाली की पुढच्या महिन्यात चिठ्ठी नाही पाठवलीस तरी चालेल. ते मला जास्त लागलं.

मी तडक काकांकडं गेलो. म्हटलं, काका, मस्टरमध्ये वायरमन लिहा. काका म्हणाले, मस्टर मालकांचं आहे, वरून यादी येते, मी उतरवतो. मी म्हटलं, मग मी चाललो दुसरीकडं. काका म्हणाले, जाताना हजेरीवर सही करून जा.

आता माझ्याबद्दल एक सांगतो. माझा पाय एका जागी ठरत नाही. चार वर्षांत नऊ साइट केल्या. कुठं जेवण पटलं नाही, कुठं मुकादम, कुठं काहीच कारण नव्हतं. बॅग मी कधी पूर्ण रिकामी करत नाही, भरायला वेळ जातो. इथंही सहा महिने झाले होते, बॅग तयार होती, शनिवारी निघायचं नक्की होतं. आणि बुधवारी सकाळी आपले सुपरवायझर साहेब धावत आले.

सुपरवायझर साहेबांना आम्ही प्रेमानं ताबडतोब साहेब म्हणतो. साहेब, आज निरोपाचा दिवस आहे म्हणून उघड सांगतो, तुम्हाला माहीत नव्हतं असं समजू नका. तर ताबडतोब साहेब आले आणि म्हणाले, तासाभरात तपासणीच्या बाई येताहेत. माफ करा मॅडम, त्या दिवशी ते बाईच म्हणाले होते. एकाही वायरमनच्या खिशात टेस्टर दिसता कामा नये, कमरेला पक्कड दिसता कामा नये, ताबडतोब सगळ्यांनी घमेली उचला. कुणी विचारलं तर एकच उत्तर, हेल्पर. हत्यारं ताबडतोब मस्टरकाकांच्या ड्रॉवरमध्ये टाका, बाई गेल्या की परत घ्या.

बाकीच्यांनी पटापट टेस्टर काढले. आणि इथं, मित्रांनो, एका माणसानं घोळ घातला. तो माणूस मी.

नववी साइट सोडायच्या आधी माझ्या पक्कडीचं असंच झालं होतं. जपून ठेवतो म्हणून एकानं घेतली आणि आजपर्यंत तो ती जपतोच आहे. त्यामुळे मी काकांच्या टेबलासमोर उभा राहिलो, टेस्टर हातात घट्ट धरला आणि म्हटलं, "काका, पावती द्या."

कुणी चोरून लपवायच्या वस्तूची पावती मागतं का? पण मी मागितली. आणि दुसरा कुणी असता तर माझ्या टाळक्यात मारली असती, पण समोर काका होते. पावती म्हटल्यावर काकांचा चेहरा कसा उजळतो, हे काकूंना जास्त माहीत. काकांकडं एक ठेवीचं पावतीबुक आहे. कंपनीचं नव्हे, त्यांचं स्वतःचं, स्वतःच्या पैशानं आणलेलं, कार्बन घालून. सायकलची किल्ली, छत्री, डबा, एकदा तर एका सुतारकाकांची कवळी, जे जे कुणी त्यांच्याकडं ठेवायला दिलं त्या प्रत्येक वस्तूची पावती त्या बुकात आहे. काकांनी चष्मा लावला, कार्बन सरळ केला आणि माझा टेस्टर उजेडात धरून फिरवून फिरवून पाहिला. नंबर विचारला, सतरा. मग म्हणाले, व्यवसाय?

मी म्हटलं, हेल्परच लिहा, आज तसंच ठरलंय.

काकांनी चष्म्यावरून माझ्याकडं पाहिलं आणि विचारलं, "हेल्पर टेस्टर घेऊन काय करतो रे? कान कोरतो?" आणि काहीतरी लिहिलं. मी वाचलं नाही. घाई होती, आणि काकांचं अक्षर इतकं सुंदर असतं की ते वाचावं असं वाटत नाही, नुसतं बघावं वाटतं. घडी घातली आणि खिशात ठेवली, जिथं टेस्टर असतो त्याच खिशात.

माझ्या हातात पावती बघितली आणि मागच्या बावीस जणांना आपले टेस्टर अचानक फार मोलाचे वाटायला लागले. सगळ्यांना पावती हवी. रांग लागली. ताबडतोब साहेब बाहेर घमेली वाटत होते आणि दर दोन मिनिटांनी आत डोकावून कपाळाला हात लावत होते. काकांनी घाई केली नाही. प्रत्येक टेस्टर उजेडात धरला, मुठीचा रंग लिहिला, खुणा लिहिल्या, सही घेतली. तेविसावी सही झाली आणि फाटकात मॅडमची जीप शिरली.

पुढचं मॅडमनी पाहिलंय, काही चुकलं तर त्यांनी दुरुस्त करावं.

मॅडम उतरल्या आणि एका बाजूला उभ्या राहून बघत राहिल्या. आम्ही घमेल्यातून वाळू नेत होतो. अडचण अशी झाली की बारा जणांना वाळू फाटकाकडून मागं न्यायला सांगितलं होतं आणि अकरा जणांना मागून फाटकाकडं आणायला. पाव तास झाला तरी दोन्हीकडचे ढीग तेवढेच. मॅडमनी शेवटी ताबडतोब साहेबांना शांतपणे विचारलं, "ही वाळू नेमकी राहायला कुठं असते?"

मग चौकशी सुरू झाली. पहिल्याला बोलावलं, तर त्यानं प्रश्न यायच्या आधीच हेल्पर म्हणून सांगितलं. दुसऱ्याला विचारलं पाणी प्यायलास का, तोही म्हणाला हेल्पर. माझी पाळी आली. मॅडमनी विचारलं, काय काम करतोस?

हेल्पर, मी म्हटलं.

"कुणाला मदत करतोस?"

नेमका दाजींचा प्रश्न. दोन दिवस आणि एक रात्रीच्या अंतरावरून तो प्रश्न माझ्यामागं चालत आला होता. मी म्हटलं, वायरमनला. मॅडमनी मस्टर उलटून पाहिलं आणि म्हणाल्या की यात तेवीस हेल्पर आहेत, वायरमन एकही नाही. मग तू मदत करतोस ती कुणाला?

मी खूप विचार केला. आणि तोंडातून निघालं, "मॅडम, आम्ही एकमेकांना मदत करतो."

हसा, हसा. त्या दिवशी कुणी हसलं नव्हतं. ताबडतोब साहेबांनी डोळे मिटले होते.

घाबरलो की वायरमनचा हात आपोआप खिशाकडं जातो. टेस्टर आहे ना, एवढं बघायला. माझाही गेला. मॅडमची नजर त्याच्यामागं गेली. खिशात काय आहे, त्यांनी विचारलं. मी म्हटलं, पावती. कशाची? म्हटलं, टेस्टरची. आता हे उत्तर देऊ नये हे मला उत्तर देऊन झाल्यावर कळलं. माझं बऱ्याच गोष्टींचं असंच होतं.

मॅडमनी पावती घेतली आणि मोठ्यानं वाचली. ती मला तोंडपाठ आहे. "एक टेस्टर. मूठ पिवळी. मुठीच्या टोकाला दातांच्या खुणा. ठेवणाऱ्याचा नंबर सतरा. व्यवसाय, वीजतंत्री. ठेवण्याचं कारण, मॅडमची तपासणी."

वाळूच्या दोन्ही रांगा घमेली घेऊन जागीच थांबल्या. मिक्सरसुद्धा कुणीतरी बंद केला होता.

ताबडतोब साहेब पुढं आले. म्हणाले, टेस्टर कंपनीच्या स्टोअरचे आहेत, कुणा कामगाराचे नाहीत. मॅडम काकांच्या टेबलाशी गेल्या, ड्रॉवर उघडायला लावला. तेवीस टेस्टर एका ओळीत, मुठी एका बाजूला. आपल्या काकांनी लपवायचे टेस्टरसुद्धा ओळीत लावले होते. मॅडमनी पिवळा उचलला, त्याच्यावरचे दात बघितले आणि साहेबांना विचारलं, "तुमची कंपनी चावते का?" शिडीवर दोन्ही हात गुंतले की टेस्टर तोंडात धरावा लागतो, मंडळी. ते दात माझे होते. मला तोंड उघडून दाखवायची तयारी होती, पण तशी वेळ आली नाही.

मग मॅडम काकांकडं वळल्या. आता विनोद बाजूला ठेवतो थोडा वेळ. त्या दिवशी काकांची निवृत्ती एक वर्ष आणि दोन महिने लांब होती. एवढ्या वर्षांच्या नोकरीचं जे काही मिळायचं ते मालकांच्या हातात होतं. मी शनिवारी निघून जाणार होतो, माझं काय जाणार होतं? जायचं ते काकांचं.

मॅडमनी विचारलं, पावतीवरचं अक्षर तुमचं? काका म्हणाले, हो. मस्टरमधलंही तुमचंच? काका म्हणाले, हो.

"मग यातलं खरं कुठलं?"

काका उभे राहिले. पेनाचं टोपण लावलं. आणि म्हणाले, "मॅडम, मस्टर मी सांगितलेलं लिहितो. पावती मी बघून लिहितो."

बस, एवढंच. मॅडमनी पावतीबुकाची कार्बनची पानं पाहिली. तेवीसच्या तेवीस वीजतंत्री.

त्यानंतर मॅडमनी जे करायचं ते केलं. तेवीस नावांपुढचा शब्द बदलला, दर बदलला, पहिल्या दिवसापासूनचा फरक मिळाला. माझी पुढची चिठ्ठी घरी गेली, तेव्हा आक्कानं ती मोठ्यानं वाचलीच, वर दाजींच्या हातात दिली आणि म्हणाली, चष्मा लावून तुम्हीही एकदा वाचा. तेव्हापासून दाजींच्या घरचा पंखा आवाज करतो तेव्हा ते मला फोन करतात. फोन पंख्याजवळ धरतात आणि विचारतात, काय झालं असेल? कुणाला मदत करतो, हे त्यांना आता नीट माहीत आहे.

अध्यक्ष साहेबांबद्दलही बोललं पाहिजे, नाहीतर हे भाषण एकतर्फी होईल. त्या संध्याकाळी साहेबांनी काकांना केबिनमध्ये बोलावलं होतं. आत काय बोलणं झालं, मला माहीत नाही. काका बाहेर आले आणि म्हणाले, साहेबांना मला काढायचं होतं, मी म्हटलं काढण्याच्या कागदावर कारणाचा रकाना असतो, तिथं काय लिहू ते सांगा, मी सांगितलेलं लिहितो. साहेबांनी अर्धा तास विचार केला आणि चहा मागवला. हे खरं की खोटं, ते साहेबांनी आपल्या अध्यक्षीय भाषणात सांगावं. पण त्यानंतर दरफलक फाटकापाशी आला, पुसता येणार नाही अशा रंगात आला, आणि त्याच्यावर दिवा लागला. तो दिवा मी बसवला. कुशल कारागिराच्या दरानं. आणि गेल्या महिन्यात सगळ्यात ठळक दरफलकासाठी खात्यानं साहेबांना ढाल दिली, ती आत्ता त्यांच्या मागच्या टेबलावर ठेवलेली आहे. साहेब ती सगळीकडं बरोबर नेतात. आम्हालाही अभिमान आहे. टाळ्या वाजवायला हरकत नाही.

आता तुम्ही म्हणाल, सतरा नंबर, तू तर शनिवारी जाणार होतास. वर्ष आणि दोन महिने झाले, अजून इथं काय करतोयस?

हीच तर माझी तक्रार आहे, आणि ती मी आज भर सभेत मांडणार आहे.

त्या बुधवारी संध्याकाळी बावीस जणांनी आपापल्या पावत्या काकांना दिल्या आणि टेस्टर परत घेतले. माझी पावती मॅडमनी पुरावा म्हणून फाइलला लावली होती. मी काकांकडं गेलो. काका म्हणाले, पावती? म्हटलं, सरकारकडं आहे, तुमच्या डोळ्यांदेखत नेली. काका म्हणाले, मग सरकार परत देईल तेव्हा ये, पावतीशिवाय वस्तू देता येत नाही. मी म्हटलं, काका, तो टेस्टर माझा आहे, त्याच्यावर माझे दात आहेत. काका म्हणाले, दात तू घेऊन जा, टेस्टर राहू दे.

शनिवारी निघता आलं नाही. कामापुरता इतरांचा टेस्टर मागून चालतो, पण हा आक्काचा, तो सोडून कसा जाणार? घरी गेलो की ती पहिल्यांदा खिसा बघते. त्यानंतर दोन वेळा बॅग भरली. एकदा तर दुसरीकडच्या साइटवरून बोलावणं आलं होतं, राहायला पक्की खोली देणार होते. बॅग खांद्याला लावून काकांसमोर उभा राहिलो. काकांनी चहा सांगितला. म्हणाले, दुकानात टेस्टर चिक्कार मिळतात, दुसरा घे आणि जा. मी म्हटलं, दुसरा नको. काका म्हणाले, मग चहा घे. चहा घेतला. बॅग परत नेऊन ठेवली. या वेळी ती पूर्ण रिकामी केली, तिच्यात शर्ट चुरगळतात.

आयुष्यात मला एका जागी ठेवायचा प्रयत्न शाळेनं केला, वडिलांनी केला, नऊ मुकादमांनी केला. जमलं नाही. काकांनी ते एका कार्बन कागदानं केलं. नियमासाठी केलं की मुद्दाम केलं, हे मी त्यांना खूपदा विचारलं. ते म्हणतात, तू पावती मागितलीस, मी दिली. पण कुणाला सांगू नका, मला शंका आहे.

आणि आज काय झालं, तर मॅडम आल्या आल्या त्यांनी मला बाजूला बोलावलं. फाइल बंद झाली म्हणाल्या. आणि ही बघा, ही माझ्या हातात आहे ती. शिक्के दोन पडलेत, कोपऱ्याला भोक पडलंय, पण तीच. पावती परत आली.

काकांनी ते लांबून पाहिलं. लगेच माझ्याजवळ येऊन म्हणाले, ड्रॉवरची किल्ली मला आज जमा करायची आहे, आत एवढी एकच ठेव उरली आहे, कार्यक्रम झाला की ताबडतोब मोकळी कर. टेस्टर आत्ता त्यांच्या कोटाच्या खिशात आहे. पिवळी मूठ इथून दिसतेय. काका, झाकू नका, दिसतेय.

काका, मी मघाशी चहाच्या वेळी आक्काला फोन केला. सगळं सांगितलं. आक्का म्हणाली, "टेस्टर त्यांना राहू दे. तो कागद तेवढा जपून आण, आईला वाचून दाखवायचाय."

म्हणून, काका, ही पावती मी तुम्हाला देणार नाही. चिठ्ठीवर वीजतंत्री लिहायला सरकार लागलं, नियम लागला, मॅडमची जीप लागली. पण या कागदावर ते कुणीही न सांगता लिहिलं गेलं, आणि ज्या दिवशी न लिहिणं सोयीचं होतं त्या दिवशी लिहिलं गेलं. पावती माझ्याकडं राहील. टेस्टर तुमच्याकडं.

आता काकांचा चेहरा बघा. त्यांना भेट मिळाल्याचा आनंद नाही, कागदाशिवाय वस्तू ठेवायची कशी ही चिंता आहे. मला माहीत होतं. म्हणून फोन ठेवल्यावर नवीन पावती मी स्वतः लिहून आणली आहे, कार्बन घालून. सातवी अर्धवट सोडलेल्या माणसाचं अक्षर आहे, काका, ओळी जरा चढल्यात. वाचतो. "एक टेस्टर. मूठ पिवळी, टोकाला दातांच्या खुणा. घेणार, हजेरीमास्तर, आज निवृत्त. ठेवण्याची मुदत, कायम. ठेवण्याचं कारण, निरोप. देणाऱ्याचा नंबर सतरा. व्यवसाय, वीजतंत्री."

हे मला कुणी सांगितलेलं नाही, काका. बघून लिहिलंय.

इथं खाली सही करा. मला इथं थांबवणारं आता काही उरलं नाही. पण बॅग भरायची की नाही ते मी आज ठरवत नाही. अध्यक्ष साहेब, तुम्ही माझा एकट्याचा पगार वाढवून थांबवाल तर तेही जमायचं नाही, फाटकावर फलक आहे आणि त्याच्यावर दिवा आहे, सगळ्यांना दर दिसतो, मग बाकीचे बावीसही वाढ मागतील.

सहावं पान संपत आलं. अध्यक्ष साहेबांनी एवढं सगळं खुर्चीवर बसून ऐकून घेतलं, त्यांचे आभार. मॅडम सुट्टीच्या दिवशी आल्या आणि सरकारी फाइलमधला कागद परत घेऊन आल्या, जे मी याआधी कधी ऐकलं नव्हतं, त्यांचे आभार. ताबडतोब साहेबांचे आभार, त्यांनी त्या दिवशी घाई केली नसती तर काहीच झालं नसतं. काकूंचे आभार, आणि एक विनंती, घरी आता काका रिकामे असतील, डब्यांच्या आणि छत्र्यांच्या पावत्या मागायला लागले तर देत चला. माईक दुरुस्त करणाऱ्याचे आभार, त्याच्या नावापुढं काय लिहायचं ते सगळ्यांना माहीत आहे.

बोलण्याच्या ओघात कुणाचा मान राखायचा राहिला असेल, कुणाचं टोपणनाव तोंडातून निसटलं असेल, एखादी गोष्ट सांगायची नसताना सांगितली गेली असेल, तर लहान समजून पोटात घालावं. काका, सही झाली का? कार्बनची प्रत मला द्या, मूळ तुम्ही ठेवा. मग मी खाली बसतो.